चार नंबरची मांडणी

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या धाकट्या भावानं मला माफ केलं. दोनशे माणसांसमोर, माइक हातात घेऊन. म्हणाला, "दादानं एक्केचाळीस वर्षांत एकच चूक केली. पण चूक कुणाच्या हातून होत नाही? आम्ही त्याला केव्हाच मोठ्या मनानं माफ केलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको शेजारी होती, तिनं माझं मनगट घट्ट धरलं, कारण तिला माझा हात माहीत आहे. मी उठलो नाही. हसलो, भेटीचं घड्याळ घेतलं आणि व्यासपीठावरून खाली उतरलो.

तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. आधी त्याचं जे चांगलं आहे ते सांगतो. उगाच कुणी म्हणायला नको, म्हातारा रिटायर झाला आणि जळफळायला लागला.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हा शाळेमागच्या गोदामाची भिंत पडली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मी सतरा वर्षांचा. आठवीत दोनदा आपटून शाळेला रामराम ठोकलेला, एका दुकानात खिळे-बिजागऱ्या मोजून द्यायचो. वडील नव्हते. दवाखान्याच्या मागच्या आवारात पाय बनवायचं वर्कशॉप होतं, तिथं मी त्याला पाठुंगळीवर घेऊन गेलो. तिथले मुख्य कारागीर, आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो, त्यांनी त्याचा उरलेला पाय हातात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, पोर वाढतं आहे, दर वर्षी नवा पाय लागणार, ने-आण कोण करणार?

मी विचारलं, तुम्हाला बादल्या धुवायला माणूस पाहिजे का?

दुसऱ्या दिवसापासून मी प्लास्टरच्या बादल्या धुवायला लागलो. दोन वर्षांत पट्ट्या गुंडाळायला शिकलो, पाचव्या वर्षी वस्ताद म्हणाले, या पोराच्या बोटांना डोळे आहेत. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण वस्ताद आता नाहीत आणि दुसरं कुणी सांगणार नाही. विशीपर्यंत भावाला नऊ पाय लागले. पहिले तीन वस्तादांनी केले, पुढचे सहा मी. नवव्या पायावर तो कॉलेजात गेला, आणि पहिले सहा महिने वर्गात कुणाला पत्ता नव्हता. एका पोरीनं त्याला पळत ये म्हटलं तेव्हा कळलं. तीच पुढं माझी भावजय झाली, म्हणजे माझ्या कामाची साक्ष घरातच आहे.

आमचं काम असं असतं. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. वाळल्या की ती खोळ अलगद काढायची आणि तिच्यात प्लास्टर ओतायचं, मध्ये धरायला एक लोखंडी नळ उभा करायचा. घट्ट झालं की वरची खोळ सोलून टाकायची. आत निघतो तो त्या माणसाच्या पायाचा हुबेहूब साचा. त्या साच्यावर नकली पायाची वाटी बनते, म्हणजे उरलेला पाय आत बसतो ती, आणि वाटी बरोबर बसली तर माणूस चालतो, नाही बसली तर रडतो. साचे आम्ही जपून ठेवतो. दोन-तीन वर्षांनी पाय झिजला की माणसाला पुन्हा प्लास्टरात घालायला नको, साचा काढला, चार ठिकाणी कानस मारली, नवी वाटी तयार. साच्यांची खोली माझ्या ताब्यात होती. पंचावन्न मांडण्या, सोळाशेच्या वर साचे, आणि कुठला साचा कुणाचा हे मला पाठ. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. एकदाही चुकलो नाही.

भाऊ शिकला, संगणकात हुशार निघाला आणि आमच्याच ऑफिसात लागला. पेढीवर बसलेल्या शेटजीसारखा खुर्चीत बसायचा आणि मला खिडकीतून हाक मारायचा. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू. आमच्या जाड जाड वह्या त्यानं एका वर्षात मशीनमध्ये भरल्या. मी शेजारी बसून सांगायचो, तो बडवायचा. नाव, पत्ता, धंदा, पाय डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, साच्याची जागा, आणि शेवटी शेरा. शेरा माझाच. 'चालताना शिट्टी वाजवतो.' 'बायको बोलते, हा मान हलवतो.' 'वाटी घट्ट लागते म्हणेल, ऐकू नये.' भाऊ हसायचा, पण एक अक्षर न गाळता भरायचा.

मग एके दिवशी एका म्हाताऱ्याला त्याच्या शेजाऱ्यानं आणलं. म्हाताऱ्याला झटका येऊन वाचा गेलेली, कार्ड हरवलेलं, आणि शेजारी नवा, त्याला नावही धड ठाऊक नाही. मी त्याला चालायला लावलं. वाचा गेली होती, पण ओठ गोल करून हवा काढत होता.

भावाला म्हटलं, हा शिट्टीवाला.

तो म्हणाला, "बघ आता गंमत." त्यानं मशीनला विचारलं, शेऱ्यात शिट्टी हा शब्द कुठंही असेल तो माणूस दाखव. तीन निघाले. एक रेल्वेतला गार्ड, एक शाळेत खेळ शिकवणारा मास्तर, आणि एक आपला म्हातारा. उजवा पाय, गुडघ्याच्या वर, एकच उरला. साचा काढून हातात दिला तेव्हा म्हातारा त्याच्यावरून असा हात फिरवत होता जसं काही जुनं कुणी भेटलंय.

मी भावाला म्हटलं, मलाही दाखव हे कसं करतोस. त्यानं दाखवलं. शब्दाच्या आधी आणि नंतर टक्क्याची खूण लावायची. टक्का म्हणजे इथं काहीही असो, कितीही असो, चालेल. फक्त शेवटी टक्का लावला तर सुरुवात तशीच पाहिजे, पुढं वाटेल ते येऊ दे. आणि खाली पाडलेली आडवी रेघ म्हणजे नेमकं एकच अक्षर, कुठलंही चालेल पण एकच.

मी म्हटलं, कळलं. टक्का म्हणजे पाणी जास्त झालेलं प्लास्टर, वाट मिळेल तिकडं पसरतं. रेघ म्हणजे मोजून ओतलेलं.

"दादा, तुला शाळेत कुणी नापास केलं रे?" तो म्हणाला. हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. बाकी सगळं गेलं तरी.

त्याच दिवसांत तो एकदा म्हणाला, मांडण्यांच्या नंबरात एक ते नऊच्या आधी शून्य लाव, शून्य चार, शून्य पाच असं, मशीनला सोयीचं पडतं. माझ्या पाट्यांवर जागा लिहिलेली असायची ती अशी: मांडणीचा नंबर, मध्ये आडवी रेघ, मग फळीवरची जागा. ४-१७ म्हणजे चौथ्या मांडणीवर सतरावी जागा. पाट्या मी स्वतः रंगवलेल्या. मी म्हटलं, मशीनची सोय बघायला मी काय मशीनचा सासरा आहे? माझ्या खोलीत शून्य नंबरची मांडणीच नाही, तर शून्य लिहायचं कुणाच्या नावानं? तो हसला आणि सोडून दिलं. हा माझा दोष. कबूल आहे. एवढाच.

आता चार नंबरच्या मांडणीचं सांगतो. माणूस गेल्याचं कळलं तर त्याचा साचा लगेच फोडायचा नाही हा वस्तादांचा नियम. बातमी खोटी असू शकते. एकदा एकजण गेल्याचं कळल्यावर सात महिन्यांनी स्वतः कुबड्या घेऊन हजर झाला आणि म्हणाला, बायकोनं कळवलं असेल. तर असे साचे खिडकीजवळच्या चार नंबरच्या मांडणीवर जायचे, दोन वर्षं तिथं राहायचे. मग यादी निघायची, मी सही करायची, आणि मग हातोडा. माझ्या सहीशिवाय साच्याला कुणी बोट लावायचं नाही. खोलीतल्या दोन कारागिरांना मी हे घोटून घोटून शिकवलं होतं. त्यातला एक पैलवान. नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल. मी त्याला सांगायचो, यादीवर माझी सही नसेल तर देवालासुद्धा हात लावू देऊ नको, आणि सही असेल तर प्रश्न विचारू नको.

पन्नाशीला मला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. माप घेणाऱ्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर त्याला टेबलापाशी उभं कोण करणार? काम बोटांवर चालत होतं, आणि चांगलं चालत होतं. त्या वर्षी केलेला एकही पाय परत आला नाही, नोंदी बघा. पण भावाला कळलं. त्याच्याच साच्यावर कानस मारत होतो, आणि तो म्हणाला, दादा, तू बघतच नाहीयेस, नुसता चाचपतोयस.

मी त्याला कानाला हात लावायला लावला. त्यानं लावला, आणि वर्षभर शब्द पाळला. रोज सकाळी माझ्या आधी यायचा, दिवसभरातल्या माणसांची कार्डं मला हळूच वाचून दाखवायचा. एक वर्ष तो माझे डोळे होता. हेही लिहून ठेवा, कारण पुढचं त्याच्यामुळेच जास्त लागलं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. ऑफिसात मी पोटाच्या तक्रारीची रजा टाकली. रजेवर जाण्याच्या आदल्या दुपारी भाऊ यादी घेऊन आला. चार नंबरची मांडणी खच्चून भरली होती, मी नसताना फोडून होईल, जागा मोकळी होईल असं ठरलं होतं. यादी हातात घेतली तर जाड लागली. विचारलं, एवढी कशी रे?

"मोठ्या अक्षरांत काढलीय, दादा. तुझ्यासाठी," तो म्हणाला.

मला भरून आलं. मोठी अक्षरंही मला दिसत नव्हती, पण ते त्याला कसं सांगू? त्यानं माझ्यासाठी काढलीय म्हटल्यावर मी एकेक पान उलटलं, वाचल्यासारखं केलं, आणि शेवटी अंदाजानं सही ठोकली. चौदा पानं होती. मला सवय होती, प्रत्येक यादीच्या डोक्यावर मशीनला काय विचारलं ते छापलेलं असायचं, मीच तसा आग्रह धरला होता. त्या दिवशी यादीच्या डोक्यावर काय होतं ते मला दिसलं नाही.

तिथं होतं, जागा अशी शोध की आधी चार, पुढं टक्का. पाट्यांवरची ती साधी मधली रेघ घालायला तो विसरला. चार, रेघ, टक्का असं पाहिजे होतं. चार आणि टक्का म्हटल्यावर मशीननं चार नंबरची मांडणी तर दिलीच, पण चाळीस ते एकोणपन्नास या दहा मांडण्याही दिल्या, कारण त्यांचीही सुरुवात चारनंच होते. पाट्यांवर शून्य चार असतं तर हे झालं नसतं. प्लास्टर पसरलं. चारवर एक्केचाळीस साचे होते, ते मेलेल्यांचे. बाकी दोनशे सत्त्याऐंशी जिवंत माणसांचे.

मी बाजूच्या इमारतीत डोळ्याला पट्टी बांधून पडलो होतो, तेव्हा पैलवान आणि दुसरा कारागीर तीन दिवस साचे फोडत होते. मधूनच पैलवानाच्या मनात आलं म्हणे, हा शिट्टीवाला म्हातारा तर परवाच आला होता. पण खाली माझी सही. प्रश्न विचारायचा नाही. मीच शिकवलेलं.

आठव्या दिवशी काळा चष्मा लावून, डोळे आलेत असं सांगून कामावर गेलो. खोलीत शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. दहा मांडण्या रिकाम्या. कोपऱ्यात पांढऱ्या ढेकळांचा ढीग, त्यातून गुडघे वर आलेले. वर्षभर दुधात बुडालेलं जग मला इतकं लख्ख दिसायला लागलं होतं, आणि पहिलं काय दिसलं तर हे.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. टेबलावर यादी, भाऊ एका बाजूला उभा. त्याची ऑफिसप्रमुख म्हणून बढती त्याच महिन्यात व्हायची होती, मला माहीत होतं. साहेबांनी सही दाखवली, मी म्हटलं माझीच. मग विचारलं, वाचून केली होती का?

मी भावाकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटाकडे बघत होता. डाव्या. ज्यात माझा पाय होता.

मी थांबलो. मला वाटलं, आता तो बोलेल. चूक माझी साहेब, आणि दादाला दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. एवढी दोन वाक्यं. साहेबांनाही माझं थांबणं कळलं असावं, कारण त्यांनी त्यालाच विचारलं.

"तुम्ही तिथंच होता ना? यांनी वाचली का यादी?"

"पान पान उलटताना मी पाहिलं, साहेब," भाऊ म्हणाला.

खोटं नव्हतं ते. तेच तर. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा.

मग मीच म्हटलं, वाचली होती. का म्हटलं ते विचारू नका असं मी पुष्कळ जणांना सांगितलंय, पण इथं सांगतो. दिसत नव्हतं म्हणालो असतो तर त्या वर्षी ज्यांचे ज्यांचे पाय मी केले ते सगळे रात्रीतून आपापल्या पायाकडे संशयानं बघायला लागले असते. बेफिकीर माणूस एकवेळ चालतो, आंधळा कारागीर चालत नाही. आणि दुसरं म्हणजे, जे त्यानं स्वतःहून द्यायला पाहिजे होतं ते मी मागणार नव्हतो.

सहीचा अधिकार गेला. तो पैलवानाला मिळाला. माझ्या हाताखाली शिकलेल्या पैलवानाला. पहिले तीन महिने मला बादल्या धुवायला लावलं, जिथून सुरुवात केली तिथंच. दोनशे सत्त्याऐंशी माणसांना पत्रं गेली, पुन्हा यावं, माप द्यावं. लांबून लांबून आले. एका पोस्टमननं मला बादलीशी बसलेला बघितलं आणि म्हणाला, "काय हो, माझा पाय म्हणे तुम्ही फोडला. एकदा ट्रकनं नेला, एकदा तुम्ही. ट्रकवाला निदान पळून तरी गेला."

मी हसलो. दुसरं काय करणार?

गर्दी आवरेना तेव्हा साहेबांनी मला पुन्हा टेबलापाशी घेतलं. भाऊ ऑफिसप्रमुख झाला. घरी यायचा, पोरांशी खेळायचा, माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा. मीही बोलायचो. मला वाटत होतं, चूक झाली, घाबरला, गप्प बसला. धाकटा आहे. शेंबूड मीच पुसलाय त्याचा. चुकीचं मला काही नव्हतं. चूक माणसाचीच.

आठ महिन्यांनी दुसरी यादी सापडली.

ऑफिसातले एका बाजूनं छापलेले रद्दी कागद आमच्याकडे येतात, प्लास्टर सांडू नये म्हणून आम्ही ते टेबलाखाली पसरतो. एका दुपारी कागद पसरताना मोठी अक्षरं दिसली. एवढी मोठी अक्षरं ऑफिसात कोण काढणार? उचलून बघितलं. दोनच पानं, टाचणी मारलेली. डोक्यावर चार, रेघ, टक्का. बरोबर विचारलेलं. खाली फक्त चार नंबरच्या मांडणीचे एक्केचाळीस. आणि कोपऱ्यात तारीख, वेळ. फोडायच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळी अकरा चाळीस.

मी पैलवानाला सहज विचारल्यासारखं विचारलं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत कुठवर आला होतात? त्याला चांगलं आठवत होतं. बेचाळीस संपवली होती, त्रेचाळीसला हात घातला होता.

म्हणजे अकरा चाळीसला भावाला कळलं होतं. तेव्हा सात मांडण्या शाबूत होत्या. दोनशेच्या आसपास माणसं. ऑफिसपासून साच्यांची खोली तीस पावलं आहे. त्याच्या पायानं चाळीस धरा. तो उठला नाही.

आणि अजून एक. त्याचा स्वतःचा साचा शेचाळीसवर होता, अकराव्या जागेवर. तो तिसऱ्या दिवशी फुटला. गप्प राहायचं म्हणून त्यानं स्वतःचा पायसुद्धा फोडू दिला.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. कुणाकडे गेलो नाही. तो येणार हे मला माहीत होतं. अंगानं उतरला होता, जुनी वाटी ढिली पडून घासत होती, आणि साचा नव्हता. नवीन माप द्यायला कुठं जाणार? दुसरे कारागीर होते की, पण त्याच्या पायाला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला चालत नाही. आला जेवणाच्या सुटीत. टेबलावर बसला, पाय काढून बाजूला ठेवला, जसा नऊ वर्षांचा असल्यापासून ठेवतो. मी पट्ट्या भिजवल्या आणि गुंडाळायला लागलो. निम्मं झाल्यावर विचारलं, दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला हातोड्याचा आवाज येत होता का?

ओल्या प्लास्टरात पाय असला की माणूस कुठं जाऊ शकत नाही.

त्यानं बाजूला ठेवलेला पाय जवळ ओढला. मग म्हणाला, येत होता. आधी उठलोच होतो. मग वाटलं, तीन मांडण्या गेल्याच आहेत. तीन काय नि दहा काय, जाब विचारणार तो सारखाच. आणि सही तुझी होती.

"शेचाळीसवर तुझा साचा होता."

"माहीत होतं, दादा."

मी पट्टीचं शेवटचं टोक दाबून बसवलं. तो पुढं म्हणाला, साहेबांसमोर तू म्हणालास वाचली. तू एकदा म्हटलं असतंस, मला दिसत नव्हतं, तर मीही बोललो असतो.

"म्हणजे आधी मी?"

"तू मोठा आहेस."

पाठुंगळीवर बसलेलं पोर उतरायला तयार नाही, आणि वर विचारतं, तू वाकलास का?

खोळ वाळली, काढली, पाय पुसून दिला. बादलीत प्लास्टर कालवलं. खिशातली घडी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि त्याच्या डोळ्यांदेखत खोळीच्या तळाशी ठेवली. त्यानं मोठी अक्षरं ओळखली. काय करतोस, असं त्यानं विचारलं नाही. मी ओतायला लागलो तसा त्यानं हात पुढं करून मधला लोखंडी नळ सरळ धरला. लहानपणी हे काम त्याचंच असायचं. घट्ट होईपर्यंत धरून बसला. मग मी साच्याच्या डोक्यावर जागा लिहिली, ४६-११, आणि तो जुना पाय चढवून ऑफिसात गेला.

तेव्हापासून सहा वर्षं मी तो साचा रोज बघितला. कुणाला बोललो नाही. मला वाटायचं, कधीतरी तो स्वतःच येईल आणि म्हणेल, दादा, फोड तो. आला नाही. आला तो थेट निरोपाच्या दिवशी, माइक घेऊन, मला माफ करायला.

टाळ्या संपल्यावर तो व्यासपीठावरून खाली उतरला तेव्हा मी त्याची चाल बघत होतो. चार पायऱ्या, कठड्याला हात नाही, जराही झोल नाही. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना माहीतही नसेल की त्याचा एक पाय नकली आहे. चालणारच असा. पाय माझ्या हातचा आहे.

मी माझा जुना ॲप्रन घ्यायला साच्यांच्या खोलीत गेलो. पैलवान एकटाच कुलूप लावत होता. मी त्याला शेचाळीसवरचा अकरावा दाखवला. म्हटलं, हा कधी फोडायची वेळ आली तर जपून फोड, आत कागद आहे.

"कसला कागद, दादा?"

"निघेल तेव्हा कळेल," मी म्हटलं. "वाचून मग सही कर."